हवाईचं राज्य: बंदुकीआधी कागदांनी घेतलेलं

दर्यावर्दी

पर्ल हार्बरच्या धाग्यावर मागे कुणीतरी विचारलं होतं की मुळात ही बेटं अमेरिकेकडे आली कशी. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

१८९३ च्या जानेवारीपर्यंत हवाई हा स्वतंत्र देश होता. गादीवर राणी, खाली संसद, न्यायालयं, स्वतःची नाणी, स्वतःची टपाल तिकिटं. ब्रिटन आणि फ्रान्सने १८४३ सालीच त्याचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे लागले ते व्हाइट हाउसच्या आधी. त्यामुळे "मागासलेली बेटं, कुणीतरी घेणारच होतं" असं जे सर्रास बोललं जातं ते मला मुळीच पटत नाही.

ज्यांना थोडंफार ठाऊक असतं त्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं: अमेरिकन नौसैनिक उतरले आणि राणीला खाली खेचलं. हे खरंच आहे. पण नौसैनिक उतरले तोवर राजाच्या हातात फार थोडं उरलं होतं. जमीन, मताचा अधिकार, साखरेचा बाजार, सगळं त्याआधीच्या ४५ वर्षांत एकेका कागदाने गेलं होतं. आणि त्यातल्या बहुतेक कागदांवर खुद्द राजाची सही आहे. या धाग्यात मला मुख्यतः तेच मांडायचंय.

कॅप्टन कुक १७७८ साली इथे पोचला. तेव्हा बेटांवर वेगवेगळे सरदार राज्य करत होते. कामेहामेहा पहिला याने बंदुका, तोफा आणि जॉन यंग व आयझॅक डेव्हिस या दोन परदेशी खलाशांच्या मदतीने १८१० पर्यंत सगळी बेटं एका छत्राखाली आणली. १८१९ मध्ये तो वारला. त्याची राणी काआहुमानू आणि तरुण वारस यांनी त्याच वर्षी बायका-पुरुषांनी एकत्र जेवू नये वगैरे जुने निर्बंध उघडपणे मोडले, देवळं पाडायला लावली. जुना धर्म मोडलेला, नवा अजून आलेला नाही, अशा नेमक्या वेळी, १८२० मध्ये, बोस्टनहून मिशनऱ्यांचं पहिलं जहाज आलं. त्यांनी भाषेला लिपी दिली, छापखाना आणला, आणि दोन-तीन पिढ्यांत हा समाज जगातल्या सर्वाधिक साक्षर समाजांपैकी एक झाला. याच मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं पुढे वकील, मळेवाले आणि मंत्री झाली.

आता जमीन. हवाईत जमिनीची खाजगी मालकी नव्हती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक उभी पट्टी, तिला आहुपुआआ म्हणतात. वरच्या रानात लाकूड, मधे पाटाच्या पाण्यावर तारोची शेती (आपल्या अळूचाच भाऊ), खाली मासेमारी. शेतकरी सरदाराला वाटा आणि श्रम द्यायचा, पण जमीन कुणी विकू शकत नव्हतं. १८४८ मध्ये, कामेहामेहा तिसरा याच्या काळात, 'महेले' म्हणजे वाटणी झाली. राजा, सरकार आणि साधारण अडीचशे सरदार यांच्यात जमिनी वाटल्या गेल्या. शेतकऱ्यांनी आपल्या कसत्या तुकड्यासाठी दावा लावायचा होता: अर्ज, मोजणी, फी, शेजाऱ्यांची साक्ष. पिढ्यानपिढ्या जिथे राबलो त्या जमिनीसाठी अर्ज कशाला करायचा, हेच अनेकांच्या गळी उतरलं नसणार. शेवटी सामान्य रयतेच्या पदरात पडली ३० हजार एकरांपेक्षा कमी जमीन, म्हणजे राज्याच्या १ टक्क्याहूनही कमी. आणि १८५० मध्ये परदेशी माणसांना जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली. त्यानंतर कर्जात बुडालेल्या सरदारांच्या जमिनी मळेवाल्यांकडे कशा गेल्या हे वेगळं सांगायला नको.

दुसरा कागद साखरेचा. १८७५ च्या करारानुसार हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. पंधरा वर्षांत निर्यात जवळपास दहापट झाली. एकच पीक, एकच गिऱ्हाईक, आणि नफा मूठभर गोऱ्या घराण्यांकडे.

तिसरा कागद १८८७ चा. राजा कालाकौआवर सशस्त्र गोऱ्या स्वयंसेवकांच्या पलटणीचा धाक घालून नवी घटना सही करून घेतली. लोक तिला 'संगिनीची घटना' म्हणतात. राजा नावापुरता उरला, सत्ता मंत्रिमंडळाकडे गेली. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला ३००० डॉलरची मालमत्ता किंवा ६०० डॉलरचं वार्षिक उत्पन्न हवं, म्हणजे बहुतेक मूळ हवाईयन बाद. आशियाई तर सरसकट बाद. उलट अमेरिकन आणि युरोपियन रहिवाशाला आपलं मूळ नागरिकत्व न सोडता मतदान करता येऊ लागलं. स्वतःच्या देशात देशवासीयाला मत नाही आणि परदेशी माणसाला आहे! त्यानंतर काही महिन्यांतच साखरेचा करार वाढवून घेताना पर्ल हार्बर वापरायचा एकाधिकार अमेरिकेला दिला गेला.

१८९० मध्ये अमेरिकेने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात उठवली आणि घरच्या उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान सुरू केलं. हवाईचा फायदा एका फटक्यात गेला, भाव कोसळले. विलीनीकरण झालं तर आपणही 'घरचे' ठरू, हा हिशेब तेव्हापासून उघडपणे मांडला जाऊ लागला.

१८९१ मध्ये कालाकौआ सॅन फ्रान्सिस्कोत वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. १४ जानेवारी १८९३ ला तिने मूळ रहिवाशांचा मताधिकार परत देणारी नवी घटना जाहीर करायचं ठरवलं. तिच्याच मंत्र्यांनी कच खाल्ली. लॉरिन थर्स्टन या मिशनऱ्यांच्या नातवाने १३ गोऱ्यांची 'सुरक्षा समिती' उभी केली. १६ तारखेला संध्याकाळी अमेरिकेचा तिथला राजदूत जॉन स्टीव्हन्सच्या सांगण्यावरून 'बोस्टन' या युद्धनौकेवरून १६२ नौसैनिक उतरले. कारण दिलं अमेरिकनांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण, पण त्यांचा तळ पडला राजवाड्याच्या आणि सरकारी इमारतीच्या अगदी जवळ. १७ तारखेला समितीने सरकारी इमारतीतून हंगामी सरकार जाहीर केलं, सॅनफर्ड डोल अध्यक्ष झाला, आणि स्टीव्हन्सने लगोलग मान्यता दिली.

रक्तपात नको म्हणून राणी हटली. पण तिने शरणपत्रात लिहिलं की मी अमेरिकेच्या वरचढ बळापुढे झुकते आहे. समितीचं नाव तिथे मुद्दाम नाही. वॉशिंग्टनला सत्य कळलं की ते आपल्याला परत बसवतील, ही तिची खात्री होती.

अनुया

वाचतेय. महेलेबद्दल पहिल्यांदाच कळलं. पण राजाने हे का केलं असेल? इतका भोळा होता का?

तळेगावकर

ही तर तैनाती फौजेचीच गोष्ट झाली. आधी मदत, मग सल्ला, मग खजिना, मग गादी.

दर्यावर्दी

तळेगावकर, एक फरक आहे. हवाईच्या राजाने परक्या सरकारची फौज पदरी बाळगली नव्हती. त्याने परकी माणसं नेमली, आणि त्यांना राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला लावून प्रजा करून घेतलं.

अनुया, भोळा नक्कीच नव्हता. त्या काळात पॅसिफिकमधली बेटं एकामागून एक जात होती. १८४२ मध्ये फ्रान्सने ताहितीवर आपलं संरक्षण लादलं. पाश्चात्त्य धर्तीची घटना, कोर्ट, सातबारा (आपल्या भाषेत) असलं तरच हे लोक आपल्याला देश मानतील, असा कामेहामेहा तिसऱ्याचा विचार होता. जमिनीच्या नोंदी असल्या तर उद्या परकी सत्ता आली तरी खाजगी मालकी टिकेल, असाही एक हेतू सांगितला जातो.

वाटसरू

आणि तो विचार काही काळ फळालाही आला, हे विसरू नका. १८४३ मध्ये जॉर्ज पॉलेट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने परस्पर बेटं ताब्यात घेतली. पाच महिने ब्रिटिश झेंडा होता. राजाचा मंत्री गेरिट जड हा मूळचा मिशनरी डॉक्टर. पॉलेटच्या माणसांच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने सरकारी दप्तर राजघराण्याच्या समाधिगृहात लपवलं आणि तिथे बसून, काआहुमानूच्या शवपेटीचं टेबल करून, लंडनला पाठवायची कागदपत्रं लिहिली. जुलैमध्ये ॲडमिरल थॉमस आला आणि त्याने राज्य परत केलं.

म्हणून "सगळे गोरे लुटारू" हे सूत्र मला पुरेसं वाटत नाही. जडच्या पिढीतले काहीजण मनापासून राज्यासाठी झटले. प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. ती तिथेच जन्मली, तिथली भाषा बोलली, आणि तरी तिने हा देश आपला मानला नाही. डोल तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता!

रोखठोक

नाण्याची दुसरी बाजू पण येऊ द्या. कालाकौआ उधळ्या होता. राजवाडा, गादीवर येऊन नऊ वर्षं झाल्यावर थाटामाटाचा राज्याभिषेक, जगप्रवास. अफूच्या परवान्यासाठी एका चिनी व्यापाऱ्याकडून ७१ हजार डॉलर घेऊन परवाना दुसऱ्यालाच दिल्याचं प्रकरण गाजलं होतं. राणीनेही लॉटरी आणि अफूच्या विधेयकांवर सह्या केल्या. शेवटी कुठल्याही राजेशाहीसाठी अश्रू का गाळायचे? लोकशाही आली ना?

दर्यावर्दी

रोखठोक, उधळपट्टीचा मुद्दा मान्य, अफूचं प्रकरणही घडलेलं आहे. त्याचा फायदा थर्स्टन मंडळींनी पुरेपूर उठवला.

पण "लोकशाही आली" हे अजिबात नाही. १८९४ च्या ४ जुलैला जो 'प्रजासत्ताक' जाहीर झाला त्याच्या घटनेत मालमत्तेच्या अटी होत्याच, वर नव्या सरकारशी निष्ठेची आणि राजेशाही परत न आणण्याची शपथ घेतल्याशिवाय मत नव्हतं. डोलला अध्यक्ष म्हणून कुठल्या निवडणुकीने नेमलं नाही, घटनेतच त्याचं नाव लिहिलेलं होतं. सार्वमत मात्र एकदाही घेतलं नाही, कारण निकाल काय लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राणीची घटना मताधिकार वाढवणारी होती. दोन्हींत लोकांच्या जवळची कुठली हे तुम्हीच पाहा.

आणि जगप्रवासाबद्दल. १८८१ चा तो प्रवास निव्वळ चैन म्हणून सोडून देता येत नाही. मळ्यांसाठी मजूर मिळवणं हा त्याचा जाहीर हेतू होता. जपानमध्ये त्याने सम्राट मेजीपुढे आशियाई देशांचा संघ करण्याची कल्पना मांडली, आणि आपली भाची काइउलानी हिचं लग्न एका जपानी राजपुत्राशी लावायचा प्रस्तावही दिला. जपानने दोन्ही गोष्टी नम्रपणे नाकारल्या. अमेरिकेची मिठी सैल करायला दुसरा आधार शोधणारा माणूस मला त्यात दिसतो.

गिरगावचा

याच प्रवासात तो आपल्याकडेही येऊन गेला. रंगूनहून कलकत्ता, तिथून रेल्वेने देश ओलांडून मुंबई, आणि मुंबईहून बोटीने इजिप्तकडे. १८८१ ची मुंबई म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या साम्राज्यातलं ऐन भरातलं बंदर. संस्थानिक नावाला उरलेला हा देश एका स्वतंत्र राजाने आगगाडीच्या खिडकीतून पाहिला. त्याला काय वाटलं असेल हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. सहाच वर्षांत त्याचीही तीच गत व्हायची होती.

डॉ. निशिगंधा

धागा उत्तम, पण सगळ्यात मोठं कारण अजून कुणी लिहिलं नाही. रोगराई.

कुक आला तेव्हाच्या लोकसंख्येचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ३ लाख हा आकडा त्यातला सावध मानला जातो. १८५३ च्या जनगणनेत मूळ हवाईयन उरले होते साधारण ७१ हजार. १८९० मध्ये मिश्र वंशाचे धरून ४० हजारांच्या आसपास. गुप्तरोग, गोवर, डांग्या खोकला, इन्फ्लुएन्झा, १८५३ ची देवी. शेकडो वर्षं समुद्राने वेगळं ठेवलेल्या माणसांच्या शरीराला यातल्या एकाही रोगाची ओळख नव्हती. दुसरा कामेहामेहा आणि त्याची राणी १८२४ मध्ये लंडनला गेले आणि तिथेच, काही दिवसांच्या अंतराने, गोवराने वारले.

महेलेची तारीख या आकड्यांशेजारी ठेवून बघा. जमिनीचे दावे लावायचे ते १८४८ मध्ये, आणि १८४८-४९ मध्येच गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू बेटांवरून फिरत होते. ज्या घरात दोन-तीन प्रेतं उचललीत तिथला माणूस मोजणीदाराकडे कसा जाणार? राजघराण्यातही मुलं जगत नव्हती, वारस नाही म्हणून राजा निवडणुकीने ठरवायची वेळ आली. कालाकौआ स्वतः १८७४ मध्ये संसदेने निवडलेला, आणि त्या दिवशीची दंगल शमवायला अमेरिकन आणि ब्रिटिश नौसैनिकच बोलवावे लागले. १८९३ चा सराव तेव्हाच झाला म्हणायचा.

माणसंच उरली नाहीत म्हणून मळ्यांवर चिनी, जपानी, पोर्तुगीज मजूर आणले, आणि मूळ लोक आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले. माझ्या मते बाकी सगळे कागद त्यानंतर येतात.

दर्यावर्दी

डॉक्टर, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. धन्यवाद.

केतकी

मी कॅलिफोर्नियात असते, इओलानी राजवाडा पाहिलाय. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात राणीची कोठडी आहे. १८९५ च्या जानेवारीत राजनिष्ठांनी उठाव केला, तो फसला. राणीला अटक झाली. पकडलेल्या माणसांचे जीव वाचवण्यासाठी तिने गादी सोडल्याच्या कागदावर सही केली. मग तिच्याच दरबाराच्या दालनात लष्करी न्यायमंडळापुढे तिच्यावर खटला चालवला, ५ वर्षं सक्तमजुरी आणि ५००० डॉलर दंड. प्रत्यक्षात साधारण आठ महिने तिला त्या खोलीत ठेवलं.

त्या काळात तिने आणि तिच्या सोबतिणीने शिवायला घेतलेली गोधडी तिथे काचेत ठेवलीय. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे, त्यावर भरतकामात नावं, तारखा, हवाईचे झेंडे. मधल्या चौकोनात आपल्याला इथे कैद केल्याची नोंद धाग्याने भरलेली. वर्तमानपत्र द्यायला मनाई होती, म्हणून बाहेरून येणारी फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवत. मी त्या काचेपुढून बराच वेळ हलले नाही.

अनुया

केतकी, काटा आला वाचून. पण मग वॉशिंग्टनने काहीच केलं नाही का? राणीचा भरवसा तर त्यांच्यावर होता.

वाटसरू

केलं आणि नाहीही केलं. क्लीव्हलँड अध्यक्ष झाल्यावर मार्च १८९३ मध्ये त्याने विलीनीकरणाचा तह सिनेटमधून मागे घेतला, चौकशीला जेम्स ब्लाउंटला पाठवलं. ब्लाउंटने सरळ लिहिलं की स्टीव्हन्स कटात सामील होता. डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडने काँग्रेसला कळवलं की आपल्याकडून अन्याय झालाय, तो निस्तरला पाहिजे. राणीला परत बसवायचं, तिने बंडखोरांना माफी द्यायची, असा तोडगा होता. ती आधी तयार नव्हती, मग झाली. डोलने मात्र साफ सांगितलं की आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको. ज्यांना अमेरिकेच्या सैनिकांनी बसवलं ते अमेरिकेलाच परके ठरवत होते! क्लीव्हलँडने बळ वापरायचं टाळलं आणि विषय काँग्रेसकडे ढकलला. बसवायला एक दिवस पुरला, उठवायला धाडस झालं नाही.

रोखठोक

पण सामान्य हवाईयन लोकांनी काही केल्याचं दिसत नाही. १८९३ मध्ये रस्त्यावर कुणी उतरलं नाही.

दर्यावर्दी

रोखठोक, हा समज फार वर्षं पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा नोकरदार. राजघराण्याच्या बँडमधल्या वादकांना नव्या सरकारच्या निष्ठापत्रावर सही करायला सांगितलं. नाही केली तर दगड खायची वेळ येईल, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्यांनी नोकऱ्या सोडल्या. एलेन प्रेंडरगास्ट या बाईने त्यांच्यासाठी गाणं रचलं: सरकारचा पैसा नको, आमच्या भूमीचे दगड आम्हाला पुरेत. ते आजही गायलं जातं.

मग १८९७. मॅकिन्ली अध्यक्ष झाला आणि पुन्हा विलीनीकरणाचा तह आला. 'हुई आलोहा आइना' या देशभक्तांच्या संघटनेने बेटाबेटावर अर्ज फिरवले, पुरुषांच्या शाखेने आणि बायकांच्या शाखेनेही. ५५६ पानं, २१,२६९ सह्या. प्रत्येक नावापुढे वय लिहिलेलं, आणि पुरुषांची व बायकांची पानं वेगळी. मूळ हवाईयन तेव्हा जेमतेम ४० हजार, म्हणजे मुलं सोडली तर जवळजवळ सगळा समाजच त्या पानांवर आहे. घोड्यावरून, बोटीने, पायी फिरून या सह्या गोळा केल्या. मिशनऱ्यांनी दिलेली अक्षरओळख इथे कामी आली.

चार प्रतिनिधी डिसेंबरमध्ये ते घेऊन वॉशिंग्टनला गेले. राणी तिथेच होती. ते एकेका सिनेटरला भेटत राहिले. तहाला दोन तृतीयांश मतं लागत होती. ते परतले तोवर पाठिंबा ४६ वर आला होता, तह पडला. निःशस्त्र लोकांनी कागदाच्या जोरावर मिळवलेला हा विजय आहे, आणि मला या सगळ्या इतिहासात तो सर्वांत मोलाचा वाटतो.

मग स्पेनशी युद्ध पेटलं, फिलिपिन्सच्या वाटेवर कोळशाचं ठाणं हवं झालं. तह होत नाही म्हटल्यावर साध्या बहुमताने संमत होणारा संयुक्त ठराव आणला. ७ जुलै १८९८ ला मॅकिन्लीची सही झाली, १२ ऑगस्टला राजवाड्यावरून हवाईचा झेंडा उतरला. राणी त्या समारंभाला गेली नाही. तो अर्ज शंभरेक वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होता. १९९० च्या दशकात नोएनोए सिल्वा या संशोधिकेने तो लोकांसमोर आणला, आणि लोक त्यात आपल्या पणजी-पणजोबांची नावं शोधू लागले.

तळेगावकर

शाळेचं पण लिहा. १८९६ च्या कायद्याने हवाईयन माध्यमाच्या शाळा बंद पडल्या. पुढच्या पिढ्या आजीशी बोलायची भाषा विसरल्या. १९७८ मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा परत मिळाला आणि १९८४ पासून बालवाड्या सुरू झाल्या, तोवर ती बोलणारी लहान मुलं अगदी मोजकी उरली होती.

अनुया

१९५९ मध्ये मतदान घेऊनच राज्य झालं ना? आणि माफी मागितली असं ऐकलंय.

दर्यावर्दी

मतदान झालं, पण प्रश्न एवढाच होता की अमेरिकेचं राज्य व्हायचं का. स्वातंत्र्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, आणि मतदारांत मूळ हवाईयन तोवर अल्पसंख्य होते.

माफीचा ठराव १९९३ चा, क्लिंटनच्या सहीचा. त्यात राजसत्ता उलथवण्यात अमेरिकेच्या हस्तकांचा आणि नागरिकांचा सहभाग मान्य केला आहे. राजाच्या आणि सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी मूळ लोकांच्या संमतीविना, मोबदल्याविना गेल्या, हेही त्यात लिहिलंय. पण कुठलाही दावा यातून निकाली निघत नाही असंही शेवटी घातलंय, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की या ठरावाने जमिनीवरचे हवाई राज्य सरकारचे अधिकार बदलत नाहीत.

त्याच जमिनींपैकी मोठ्या बेटावरच्या पोहाकुलोआ इथले सुमारे २३ हजार एकर लष्कराकडे सरावासाठी आहेत. १९६४ मध्ये ६५ वर्षांचा भाडेपट्टा झाला, भाडं १ डॉलर. वर्षाला नाही, सगळ्या ६५ वर्षांचं मिळून. तो २०२९ मध्ये संपतो.